वळणावरचा आवाज

दादा गेला आणि गाडी राहिली. अपघातानंतर पोलिसांच्या आवारातून मोटरसायकल सुटली तेव्हा मी टेम्पोत घालून ती थेट मिस्त्रींच्या गॅरेजवर नेली. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. प्रयोगशाळा गावाबाहेर, आणि सकाळच्या पाळीला तिकडे बस नव्हती. दुसरी गाडी परवडणार नव्हती. आईला विचारलं तर म्हणाली, "दुरुस्त कर, वापर. माझं काही म्हणणं नाही. फक्त तो आवाज परत या घरी आणू नकोस."

आई खिडकीशी बसून लोकांचे कपडे शिवते. दादाची गाडी वळणावर आली की तिचा पाय मशीनच्या पॅडलवरून निघायचा आणि ती गेटची कडी काढायला जायची, दादाला उतरावं लागू नये म्हणून. गल्लीतून दिवसभर गाड्या जातात. इतर कुठल्याही गाडीला मशीन थांबल्याचं मला आठवत नाही.

मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली. दादा कॉलेजात असताना सुट्टीत त्यांच्याकडेच कामाला जायचा.

"पुढचं चाक गेलं," ते म्हणाले. "फोर्क वाकलेत, हँडल गेलं, लाइट गेला, हॉर्न गेला. इंजिनाला मात्र ओरखडा नाही."

"आणि चेसिस?"

"दिसतंय तर सरळ."

"दिसतंय नको, काका. दोरी आहे का?"

आम्ही मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणून पुढपर्यंत आणली आणि मी पट्टीने दोरीपासून चेसिसची अंतरं मोजली. दोन्हीकडे सारखी भरली.

"आमच्या वडिलांनी जन्मात कधी दोरी धरली नाही," मिस्त्री म्हणाले.

"मग गाड्या कशा जायच्या?"

"तिरप्या. पण जायच्या."

मी हसले असावे, कारण तेही हसले. त्या दिवसांत मी काय केलं ते मला आठवतं, काय वाटलं ते सांगता येत नाही. सकाळी नोकरी, दुपारनंतर गॅरेज. नोकरीवर जायला शेजारच्या काकूंची स्कूटर मागून नेत होते, आणि ती फार दिवस मागता येणार नव्हती.

फोर्क आणि चाक भंगारातून आणलं. वेगवेगळ्या गाड्यांचे दोन फोर्क मिस्त्री एकाच गाडीला बसवायला निघाले होते. मी लांबी मोजून दाखवली तेव्हा पुटपुटत जोडी शोधायला परत गेले. दादाचं हँडल बुटकं होतं, त्यावर ओणवं व्हावं लागायचं. मी सरळ आणि उंच घेतलं. माझे पाय टेकत नव्हते म्हणून सीटचा फोम उकलून वरून कापला. टाकीला डाव्या बाजूला खोल पोचा होता. त्यात लांबी, म्हणजे पुटी, भरली, सुकल्यावर पॉलिश पेपरने घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. हात फिरवल्यावर काही लागेनासं झालं तेव्हा थांबले. रंग विकत घ्यायला नको म्हणून मिस्त्रींकडे कुणाच्या तरी कपाटाचा उरलेला करडा रंग होता तोच मारला.

"ही गाडी आहे की तिजोरी?" मिस्त्री म्हणाले.

"चोर तरी नेणार नाहीत."

"चोर काय, भंगारवालासुद्धा विचार करेल."

आता आवाज उरला. फोनमध्ये माझ्याकडे एक जुना व्हिडिओ होता. शेजारच्या मांजरीचा, पण मागून दादाची गाडी येताना ऐकू येते. मी त्यातला आवाज वेगळा काढला, सुरुवात आणि शेवट कापून मधला स्थिर भाग ठेवला, आणि त्यात कुठले स्वर किती जोरात आहेत याचा आलेख काढला. मोजमाप करताना टोकं कापायची, तिथे गडबड असते, असं आम्हाला शिकवलंय. मग भंगारातून एक लांब सायलेन्सर आणला. मिस्त्रींनी तो उघडून आत आवाज दाबायला काचलोकर ठासली आणि परत वेल्ड केला. नवा आलेख काढला तर उंच शिखरं खाली बसली होती, उरलेली जागची सरकली होती. इंजिनाचे ठोके तेच होते, ते बदलता येत नाहीत, पण कानाला ही दुसरीच गाडी होती. घरघर आणि खोकला यांत जितका फरक, तितका.

तरी खात्री करून घ्यायला हवी होती. मी मिस्त्रींना म्हटलं, तुम्ही गाडी घेऊन आमच्या गल्लीत या, गेटपाशी बंद करा, थोडं थांबा आणि जा. मी आईजवळ बसते. आईला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चाचणीला अर्थ राहिला नसता.

संध्याकाळी आई कुणाच्या तरी परकराला पट्टी लावत होती. मी पलंगावर पुस्तक घेऊन बसले. गाडी वळणावर आली. मशीन चालूच होतं. गाडी गेटपाशी आली, मशीन चालू होतं. मग बाहेर इंजिन दोनदा जोरात गुरगुरलं आणि बंद झालं.

मशीन थांबलं. आई उठली, बाहेर गेली. मी खिडकीतून पाहिलं. तिचा हात गेटच्या कडीवर होता आणि पलीकडे गाडीवर मिस्त्री बसले होते. ती परत आली, खुर्चीत बसली आणि परकराची तीच शिवण उसवायला लागली, जी बरोबर आली होती.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवर गेले. मिस्त्री माझ्याकडे बघत नव्हते.

"गाडी बंद करताना तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. बंद केली."

"त्याआधी."

"दोनदा रेस पिळली. त्यात काय, सगळेच पिळतात. जुन्या गाड्या पिळल्याशिवाय बंद केल्या तर सकाळी रुसायच्या. आता गरज नाही, पण हाताला सवय." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "तुझ्या दादालाही मीच लावली असेल."

मी व्हिडिओ काढला, न कापलेला. मांजर भिंतीवरून उडी मारते, गाडी येते, आणि अगदी शेवटी इंजिन दोनदा गुरगुरतं. मी गडबड म्हणून फेकून दिलं होतं ते हेच. बाकी सगळा आवाज मी बदलला होता, पण आईला एवढंही पुरलं.

त्या दिवशी गाडी मी स्वतः घरी नेली. वळणावर वेग कमी केला, गेटपाशी आले, काही न पिळता किल्ली फिरवली. आतून मशीनचा आवाज येत होता. तो थांबला नाही. मी थोडा वेळ ऐकत बसले. मग उतरले, कडी काढली, गाडी ढकलत आत घेतली, स्टँडला लावली. जे करायचं होतं ते झालं होतं.

दारात उभी राहिले तेव्हा आईने मान वर केली आणि दचकली.

"कधी आलीस?"

"आत्ता."

"गाडीवर?"

"हो."

तिने दोरा दाताने तोडला. "कळलंच नाही मला."

"तसंच हवं होतं ना तुला."

"हो." तिने कापडाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "काल मिस्त्रीला तूच पाठवलं होतंस."

"हो."

"मला सांगायचं होतंस. मी कडीला हात लावून उभी राहिले त्या माणसासमोर, वेड्यासारखी." ती रागावलेली वाटली नाही. हिशेब चुकलेल्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगत होती. "त्यालाही काय वाटलं असेल."

मी गाडीची किल्ली खुंटीला अडकवली.

"आणि अशी चोरासारखीही येत जाऊ नकोस," ती म्हणाली. "कोण आलंय ते कळायला नको का? हॉर्न देत जा."

"हॉर्न नाही. तो फुटला ना. शेवटी बघू म्हणून ठेवला, तेवढ्यात पैसे संपले."

"मग हाक मार. तोंड आहे ना?"

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून आले, गेटबाहेर गाडी बंद केली. आत मशीन चालू होतं. मी गाडीवर बसूनच हाक मारली, "आई." पुरेशी जोरात नव्हती, मशीन चालूच राहिलं. पुन्हा मारली.

मशीन थांबलं. चपलांचा आवाज आला, मग कडीचा. तिने गेट उघडून धरलं आणि मी गाडी आत घेईपर्यंत टाकीकडे बघत उभी राहिली.

"रंग चांगला नाही," ती म्हणाली.