ओली गोणपाटं

डिझेलचं इंजिन आलं आणि रुक्माबाईचं काम गेलं. त्याआधी बावीस वर्षं ती आदिलाबादच्या अलीकडच्या एका छोट्या स्टेशनाला लागून असलेल्या जिनिंग कारखान्यात एकच काम करायची. सिग्नल पडला की रुळांकडच्या कापसाच्या ढिगावर भिजवलेली गोणपाटं पांघरायची, गाडी गेली की काढायची. कोळशाच्या इंजिनाच्या ठिणग्या लांब उडतात. मालकाला नव्हती एवढी त्यांची भीती रुक्माबाईला होती, कारण तिचा नवरा देवाजी कापसाच्या आगीतच गेला.

कापसाची आग महालबाड. वरून काही दिसत नाही. ठिणगी आत शिरते, गुपचूप धुमसते, आणि कोणी उकरलं, वारा लागला, की भडकते. देवाजीनं हातांनी उकरलं होतं. ढिगातून आधी हुंकारल्यासारखा आवाज आला, मग जाळ. रुक्माबाई समोर उभी होती. आपल्या लेकीला, प्रयागला, असलं काही जन्मात दिसू नये, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

चौऱ्याण्णव सालच्या पौषात शाही गाडी येणार अशी बातमी आली. निजामाच्या वेळचे जुने डबे रंगवले होते, आत मखमली खुर्च्या, चांदीची ताटं. परदेशी पाहुणे राजेरजवाड्यांचा मुलूख बघत येणार होते. या स्टेशनावर त्यांना अर्धा तास कापूस दाखवायचा होता. म्हणून जिनिंगचे मुनीम चंपतराव यांनी मागचा ढीग हलवून थेट फलाटाच्या टोकावर रचला. वर चार बाया जरीची लुगडी नेसून उभ्या राहणार, पाहुण्यांवर कापूस उधळणार. बायांत पहिली निवड प्रयागची झाली. पोरगी आठ दिवस जमिनीवर नव्हती.

"इंजन कोळशाचं हाय म्हणतेत," रुक्माबाई चंपतरावांना म्हणाली.

"मंग? पाव्हण्याइले तेच तं पाह्याचं हाय."

"रुळाकडून वली गोणपाटं टाकू द्या, मुनीमजी. म्या टाकतो. पैसे नोको मले."

"अन् फोटोत चिंध्या दिसू दे! काऊन भेवून राह्यली तू? अर्ध्या तासात काय होते?"

तिनं गाडीची तयारी बघायला आधी आलेल्या माणसालाही मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. तो हसला. प्रयाग तर रागावलीच. "माय, आजच्या दिवस तरी लोकायसमोर हासं नोको करू माह्यं." रुक्माबाईला ते फार लागलं.

दुपारी तीनला शिट्टी झाली. वारा रुळांकडून ढिगाकडे होता. काळं इंजिन फुसफुसत आलं, पुढं निघून उभं राहिलं. सनई वाजली. ठिणग्या उडाल्या की नाही ते गर्दीत कोणी पाहिलं नाही. रुक्माबाईनं पाहिलं. तीन ठिणग्या ढिगाच्या पोटाशी पडल्या आणि दिसेनाशा झाल्या.

"आग! जाय लागला, जाय!" ती ओरडली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ढीग पांढराशुभ्र. धुराचा मागमूस नाही. चंपतराव दात ओठ खात म्हणाले, "म्हातारीले आवरा रे कोणी." बायांनी कापूस उधळला, पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. मग दोघे-तिघे पाहुणेही ढिगावर चढले आणि प्रयागसोबत उड्या मारत फोटो काढू लागले.

असा अर्ध्या तासाला थोडा कमी वेळ गेला. रुक्माबाई ढिगाच्या पायथ्याशी आली, तिथं तिनं कोपरापर्यंत हात आत खुपसला. बोटांना ऊब लागली. अजून आत, चटका. हात काढावा तर भोक मोकळं होईल आणि वारा आत शिरेल. तिनं दंड दाबून भोक बुजवलं, तशीच उभी राहिली. आता जाळ म्हणून ओरडून कोणी उतरणार नव्हतं.

"साप!" ती किंचाळली. "नाग हाय ढिगात! उतरा!"

क्षणात ढीग रिकामा झाला. पाहुणे घसरत, पडत, हसत उतरले आणि गाडीत शिरले. बाया लुगडी आवरत पळाल्या. चंपतराव पाण्याच्या टाकीकडे सगळ्यांत आधी पोचले. रुक्माबाईचा तळवा भाजत होता, पण जिवाला केवढं तरी हायसं वाटलं. वर कोणी नव्हतं.

मग तिला प्रयाग दिसली. ती टाकीपासून परत फिरली होती. हातात काठी, लुगड्याचा काष्टा सुटलेला, चेहरा पांढरा पडलेला.

"माय! हात काढ ना! चावला का? हात काढ!"

"येऊ नोको! साप नाई, प्रयागे, साप नाई!"

पण आईच्या तोंडावरची वेदना पाहून पोरीला दुसरं काय वाटणार? तिनं काठी टाकली, दोन्ही हातांनी आईचं कोपर धरलं आणि जोर लावून ओढलं. हात सुटत आला. रुक्माबाईनं दुसऱ्या हातानं, असेल नसेल तेवढ्या ताकदीनं, लेकीला ढकललं. प्रयाग फलाटाखाली खडीवर पालथी पडली.

ढिगातून हुंकारल्यासारखा आवाज आला. रुक्माबाईनं तो ओळखला. पोरीचं तोंड अजून खडीत होतं. तेवढं बरं झालं, असं तिला वाटलं.