जलप्राशन करविले

शनिवार पेठेतल्या कचेरीत गोपाळकृष्णपंत कारकून लोकांच्या जबान्या लिहून घेत. माणूस कामाला चोख, पण रांगड्या बोलीचा त्यांना भारी तिटकारा. कुणी ‘लई’ म्हटले की पंत ‘अत्यंत’ लिहीत. कुणी ‘बोंबललो’ म्हटले की ‘उच्चस्वरे निवेदन केले’. वाचकहो, असे पंत आपल्यातही थोडे नाहीत!

एके दिवशी मांजरी गावचा भैरू कचेरीत आला. गावच्या जत्रेत त्याने येरवड्याच्या जयसिंगाला कुस्तीत हरवले होते. दुसऱ्याच दिवशी जयसिंग पोट धरून आडवा झाला आणि त्याच्या चुलत्याने विषप्रयोगाची फिर्याद ठोकली.

“काय घडलं ते सांग,” पंत म्हणाले.

“घडतंय काय जी? म्या त्येला पानी पाजलं, माती चारली, नि आभाळ दावलं!”

हरवले, एवढाच याचा अर्थ. तो पंतांना कळत का नव्हता? पण असली भाषा सरकारी कागदावर? नाक मुरडत त्यांनी लिहिले, ‘जयसिंगास जलप्राशन करविले, मृत्तिका भक्षण करविली, गगनदर्शन घडविले.’

कागद न्यायाधीश शास्त्रीबोवांपुढे गेला. बोवांनी जन्मात आखाडा पाहिला नव्हता. त्यांचे डोळे विस्फारले.

“पाणी तूच पाजलंस?”

“व्हय जी! समद्या गावादेखत!” भैरूची छाती फुगली.

“किती पाजलंस?”

“आता पुन्ना मांजरीत पाय ठेवायचा न्हाई, इतकं!”

“शिव शिव! वर गगनदर्शन! न्या याला कोठडीत. उद्या बेड्या घालून गडावर पाठवा!”

भैरूने आ वासला. त्याने पंतांकडे पाहिले. पण ही गावंढळ बोली आपल्याला समजते, हे चारचौघांत कबूल कसे करायचे? पंत खाली मान घालून बोरू तासत बसले.

दुपारी जेवताना त्यांनी सारी हकिकत पत्नीला, श्यामलाबाईंना सांगितली.

“मग तिथंच खुलासा का नाही केलात?” बाईंनी विचारले. एकदा नाही, तीनदा विचारले.

“डोकं खाऊ नकोस!” पंत खेकसले.

बाईंनी पळी खाली ठेवली. “लिहा की मग! पत्नीने पतीचे मस्तक भक्षण केले. मलाही पडू देत बेड्या.”

पंत ताटातला भात चिवडू लागले.

“अहो, ज्याच्या तोंडचा शब्द, त्यालाच त्याचा अर्थ विचारावा. भैरू खरं तेच बोलला. कागदावर तुम्ही लिहिलंत ते शुद्ध, पण खोटं!”

शुद्ध, पण खोटं! आपल्या ऐटीपायी एका निरपराध माणसाच्या पायात बेड्या! ते ताटावरून उठले, हात धुतले आणि तडक कचेरी गाठली.

“बोवा, चूक माझी! भैरूनं जयसिंगाला कुस्तीत नुसतं हरवलं.”

“म्हणजे पाणी नव्हतंच?”

“थेंबभरही नाही.”

“आणि माती?”

“ती लागली असेल थोडी, पाठीला.”

बोवांनी जयसिंगाला डोलीत घालून आणवले. त्याने मान खाली घातली. “इख न्हाई न् काय न्हाई जी. हरल्याच्या रागात सोळा पुरनपोळ्या हानल्या. लाजंपायी चुलत्याला बोललो न्हाई.”

“हाणल्या? कुणाला?” शास्त्रीबोवा दचकले.

“खाल्ल्या, बोवा!” पंत घाईघाईने म्हणाले.

भैरू सुटला. भर कचेरीत पंतांनी त्याला हात जोडले.

त्या दिवसापासून पंत माणसाचे बोलणे जसेच्या तसे लिहू लागले. शेजारी एक निराळी वही आली. नवा शब्द ऐकला की बोलणाऱ्यालाच अर्थ विचारायचा आणि तिच्यात टिपायचा. ‘पाणी पाजणे : हरवणे. यास पाणी लागत नाही.’ ‘हाणणे : मारणे; पंगतीत मात्र भरपूर खाणे.’ पेठेतल्या हुसेन अत्तारांनी एक दिला, ‘चुना लावणे : फसवणे.’ त्याखाली पंतांनी स्वतःची भर घातली, ‘पान खाणारा बोलल्यास आधी खात्री करावी.’

बंधुभगिनींनो, दुसऱ्याच्या बोलीला हसणे फार सोपे असते. तिचा अर्थ विचारायला मात्र मान थोडी लववावी लागते. ती लववा! बोली रांगडी म्हणून माणूस खोटा ठरत नाही. आणि त्याचे म्हणणे समजून न घेता केलेला न्याय कितीही शुद्ध भाषेत लिहिला, तरी तो अन्यायच!