माझे हरवलेले चाळीस वॉट

मी एक पॉवर मीटर आहे. पेडलच्या दांड्यात बसवलेला, अंगठ्याएवढा. पाय किती जोर लावतो ते मोजायचं आणि आकडा सांगायचा, एवढंच माझं काम. माझी सायकल गोल लाकडी ट्रॅकवर पळते. तिला ब्रेक नाहीत, गिअर बदलायची सोय नाही. माझा आकडा दाखवणारा पडदा सीटखाली चिकटवतात, त्यामुळे चालवणारीला तो उतरल्यावरच दिसतो.

चालवणारी म्हणजे घरातली धाकटी. तिचा दादा सायकलींचा मेकॅनिक आणि मावशी तिची कोच. मी घरात आलो आणि तिघंही उठसूट माझ्याकडे बघायला लागले. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. मावशीचं स्टॉपवॉच मात्र खिळ्याला लटकून राहिलं.

धाकटीच्या पायांच्या जोराचा आकडा ठरलेला, तीनशे तीस वॉट. एका थंड सकाळी दादाने मला शून्यावर आणलं. म्हणजे पेडल रिकामं असताना बटण दाबायचं, मी तेवढ्या भाराला शून्य समजतो. नेमका तेव्हाच बुटाचा पट्टा आवळायला धाकटीने पेडलवर पाय टेकवला होता. मी तिच्या पायाचा भारच शून्य धरून बसलो, आणि तेवढा भार पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा होऊ लागला. ओरडून सांगावं तर मला तोंड नाही.

त्या दिवशी आकडा आला दोनशे नव्वद. दुसऱ्या दिवशीही तोच. धाकटीने जीव तोडून पाय मारले, तरी तोच.

"वय झालं माझं," ती म्हणाली. वय चोवीस.

"मीटर खोटं बोलत नाही," दादा म्हणाला. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

असे आठ दिवस गेले. निवड चाचणीला चार दिवस उरले, तेव्हा धाकटी हेल्मेट मांडीवर घेऊन बसली. डोळे सुजलेले. "मावशी, यादीतून माझं नाव काढ."

मावशीने खिळ्यावरचं स्टॉपवॉच काढलं, त्यावरची धूळ पदराला पुसली. "काढते. त्याआधी एकदा माझ्यासाठी चालव."

बारा फेऱ्या झाल्या. मावशीने घड्याळ दोनदा पाहिलं. "तुझ्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा दीड सेकंद कमी."

दादाने खाली बसून पेडल रिकामं सोडलं, मला तपासलं. रिकाम्या पेडलवरही माझा आकडा शून्याच्या खाली होता. "त्या सकाळी मी मीटर शून्यावर आणलं, तेव्हा तुझा पाय कुठे होता गं?"

"पेडलवर. पट्टा आवळत होते. का रे?"

दादाने सांगितलं. धाकटी हसली नाही, रागावलीही नाही. "आठ दिवस मी माझ्याच पायांना बोल लावत होते," ती म्हणाली. "पाय तर छान वाटत होते. पण कुणी विचारलंच नाही."

चाचणीच्या दिवशी दादाने आधी तिचे दोन्ही पाय जमिनीवर ठेवायला लावले, मग मला शून्यावर आणलं. धाकटीला संघात जागा मिळाली. ती सायकलवरून उतरली तेव्हा दादा सवयीने सीटखाली वाकला. वाकता वाकता थांबला, सरळ झाला आणि म्हणाला, "कसं वाटलं?"

धाकटी बोलत राहिली, तो ऐकत राहिला. माझा आकडा त्या दिवशी अगदी बरोबर होता. मी तो धरून वाट बघत बसलो. कितीही वेळ लागला असता तरी बसलो असतो.