अरामी लिपीतलं पत्र

रविवारी सकाळी सिंगापूरमध्ये टॅम्पिनीसच्या त्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. बँकवाले, आयटीवाले, सगळे शिकलेसवरलेले! समोर बर्फाची परात, त्यावर स्टीलचं ताट, ताटात कोरा कागद. सत्यानंद गुरुजी बर्फावर मूठमूठ सैंधव टाकत गरजायचे, "आत्म्यांची भाषा अरामी! मराठी-इंग्रजीची तिथं डाळ शिजत नाही!" आणि कागदावर निळी अक्षरं उमटायची. आपल्या गेलेल्या माणसाचं पत्र आलं म्हणून लोक ढसाढसा रडायचे.

माझी धाकटी बहीण नीताही त्यातलीच. तिची नऊ वर्षांची अश्लेषा तापानं गेली. डॉक्टरकडे न्यायला एक दिवस उशीर झाला, हे तिच्या मनातून जाईना. गुरुजींनी पत्र वाचून दाखवलं, "आई, मी रागावले नाही." बिचारी त्यावर जगत होती, म्हणून मी गप्प बसलो. चुकलंच माझं.

कारण पुढच्या पत्रात लेक म्हणाली, "आई, सुया टोचू नकोस." नीतानं इन्सुलिन सोडलं. चार दिवसांत हॉस्पिटलमध्ये. घरी आली तरी तेच, "दादा, माझ्या पोरीनं सांगितलंय."

माझं डोकंच फिरलं. पत्र घेऊन बसलो, मोबाइलवर अरामी वर्णमाला काढली. भाषा खरी, प्राचीन. पश्चिम आशियातल्या काही घरांत आजही बोलतात. अक्षरं बावीस. आणि पत्रात? तीच बावीस, त्याच क्रमानं! अरे, हे तर नुसतं क ख ग घ! मग पत्रावर इस्त्री फिरवून पाहिली, अक्षरं गायब; फ्रीझरमध्ये ठेवलं, तर परत हजर!

रविवारी मीही घरून तयार करून आणलेला एक 'कोरा' कागद ताटात ठेवला. गुरुजींचा चेहरा पडला. कागदावर उमटलं : भेंडी, कोथिंबीर, दही.

"आत्म्याला भाजी हवीय वाटतं!" मी ओरडलो. "लोकहो, हे पुसता येणारं पेन. दुकानात मिळतं. इस्त्री फिरवली की शाई दिसेनाशी होते, कडक गारठ्यात परत येते. नुसता बर्फ पुरत नाही, म्हणून मीठ. पॉटचं आइस्क्रीम करताना आपण घालतो ना, तसंच!"

गुरुजी आतल्या खोलीत पळाले. हसलं मात्र कुणी नाही. प्रत्येकाच्या पाकिटात एकेक पत्र होतं.

घरी नीतानं विचारलं, "मग ती रागावलीय का रे माझ्यावर?"

"नीता, ती काहीच बोललेली नाही. गेलेलं माणूस बोलत नाही गं."

ती खूप वेळ रडली. मग इन्सुलिनची सुई टोचून घेतली. त्या पत्राच्या बदल्यात द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

बाबांनो, दुःखात रडा, एकमेकांना धरून रडा. पण कुणी चमत्कार दाखवला, तर "हे कसं केलं?" एवढं पहिल्याच दिवशी विचारा. मला सुचायला बहीण मरणाच्या दारात जावी लागली.