दुसरी टिक

मित्रांनो, मला हातात धरता येत नाही, पण म्हातारपण माझ्या पडद्यावर स्पष्ट दिसतं. मोबाइल ॲपमधल्या मजकुराचं भाषांतर करायचं मी एक जुनं साधन. डावीकडे परक्या भाषेतलं वाक्य, उजवीकडे रिकामी चौकट. हौशी माणसं ती आपल्या भाषेत भरतात. फुकट. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासून टिक करायची. दुसरी टिक पडल्याशिवाय वाक्य ॲपमध्ये जात नाही. मला घडवलंच तसं.

गोळ्यांची आठवण करून देणारं एक ॲप माझ्याकडे आलं. लिहायला एक निवृत्त नर्स, तपासायला छापखान्यातले मुद्रितशोधक. ती सिस्टर, ते मास्तर. वाक्याखाली टिपा लिहायच्या जागेत दोघांची जुंपायची.

"सिस्टर, हे वाक्य आहे की सलाईन? संपता संपत नाही."

"मग कापा की! कात्री तुमच्याच हातात आहे."

सिस्टरचा सगळा जीव धाकट्या भावात. हृदयाच्या गोळ्या चालू, त्यात विसरभोळा, परकी भाषा वाचता न येणारा. त्याच्यासाठीच तिने हे काम अंगावर घेतलं होतं.

अक्षरं मोठी करा, म्हणून मास्तरांनी कंपनीला तीन पत्रं पाठवली. उत्तरादाखल आलं सोनेरी बिल्ल्याचं चित्र. "बिल्ला घाला चुलीत," असं लिहून मास्तर गेले ते गेलेच. एक वाक्य तपासायचं राहिलं: 'ही गोळी आज घेतली आहे. पुन्हा घेऊ नका.'

"मास्तर, एवढं एकच बघा हो," सिस्टरने लिहिलं. आठवड्याने पुन्हा लिहिलं.

दुसऱ्या ॲपचं भाषांतर करणाऱ्या एका बाईने सुचवलं, "अगं, दुसऱ्या नावाने खातं काढ आणि मार टिक. कोण बघतंय?"

"नाही गं. दुसऱ्या नर्सला बाटली दाखवल्याशिवाय मी कधी कुणाला सुई टोचली नाही. आपलं आपणच कसं तपासायचं?"

कंपनीला कसली आलीय वाट बघायला सवड! ते वाक्य परक्या भाषेतच ठेवून ॲप बाजारात आणलं. माझ्या कपाळावर फलक लावला: 'अभिनंदन! नव्व्याण्णव टक्के पूर्ण!'

महिन्याने त्या वाक्याखाली सिस्टरची टीप आली.

"मास्तर, आता बघू नका. त्याने दुसऱ्यांदा गोळी घेतली. धाकटा गेला."

थोड्या वेळाने एक नवं खातं उघडलं. नाव 'धाकटा'. त्याने एकच टिक केली. बोटं कुणाची, ते मी ओळखलं. नियम माझ्या डोळ्यांदेखत मोडला, तरी मी ते वाक्य ॲपमध्ये सोडलं.

मित्रांनो, मला तुमचं कौतुक नको, अभिनंदन तर नकोच. माझ्याकडे अजून पुष्कळ वाक्यं दुसऱ्या माणसाची वाट बघत पडून आहेत. या, बसा, आणि कुणीतरी लिहिलेलं एक वाक्य नीट वाचा. वेळेत वाचा.