आत्याच्या कानातली सासू

आत्याचा आवाज आधी घरी यायचा आणि आत्या मागाहून. गल्लीच्या तोंडाशी ती कुणाशी बोलायला लागली की तिसऱ्या मजल्यावर मनी चहाचं आधण ठेवायची. आता यात आत्याचा तरी काय दोष? पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात, झाकणं ठोकणाऱ्या प्रेससमोर जिचं अर्धं आयुष्य गेलं, ती काय कुजबुजणार? गंमत म्हणजे त्या खात्यातल्या बायका घरी ओरडून बोलायच्या आणि कामावर चकार शब्द काढायच्या नाहीत. प्रेसच्या दणदणाटात तोंड उघडून उपयोगच नव्हता. सगळा कारभार हातांनी. नाकाला बोट लावलं की मुकादम येतोय. अंगठा ओठाशी नेला की चहा. आणि मूठ उंच धरून दोनदा हलवली की, माझे हात बाहेर आहेत, चालव मशीन. ही शेवटची खूण चुकली तर बोटंच जायची. मनीने लहानपणी एकदा खेळता खेळता ती केली, तेव्हा आत्याने तिच्या पाठीत असा धपाटा घातला होता की विचारू नका. "ही थट्टेत करायची नाही," एवढंच म्हणाली होती.

बाकी सगळं थट्टेतच चालायचं. नवी मुलगी खात्यात रुळली की बायका तिला डोळे मिचकावून विचारायच्या, "काय गं, आली का सासू कानात?" हो म्हणाली की सगळ्या खिदळायच्या, म्हणजे पोरगी आता आपल्यातली झाली. ही कानातली सासू म्हणजे बायकांचा काहीतरी चावटपणा असणार, असं समजून मनीने कधी विचारलं नव्हतं.

मनी ही आत्याच्या भावाची मुलगी. मांजरासारखी पावलं न वाजवता घरभर फिरायची, म्हणून मनी. आई गेली तेव्हा ती धड बोलतही नव्हती. वडील लांबच्या ट्रकवर, महिन्यातून एखाद्या वेळी घरी, आणि काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं: "आत्या म्हणेल ते." त्यामुळे बारावीनंतर मनीने काय शिकायचं हेही आत्या म्हणेल तेच होतं, आणि आत्या म्हणत होती फार्मसी.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या बाई तिने वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या. पांढरा कोट, काचेचं दार, डोक्यावर पंखा. आत पाऊल टाकलं की माणसं आपोआप आवाज खाली करतात. "कसं शांत असतं गं तिथे," ती म्हणायची. "माझी पोर शांत जागी बसून काम करणार, सांगून ठेवते."

मनीला मात्र आवाजाचं वेड होतं. लहानपणी ती दोऱ्याला चमचा बांधायची, दोऱ्याची टोकं बोटांनी कानात दाबून धरायची आणि चमचा टेबलाच्या कडेवर आपटायची. तेवढ्याशा चमच्यातून भल्यामोठ्या घंटेसारखा नाद यायचा आणि विरत विरत जायचा. तो नक्की कुठे संपतो हे पकडायला ती तासन् तास बसायची. विद्यापीठात ध्वनिशास्त्र नावाचा विषय शिकवतात हे कळलं तेव्हा तिला रात्रभर झोप लागली नाही. म्हणजे याचं शिक्षणसुद्धा असतं!

"आवाजाचं शिक्षण?" आत्या बसमध्ये म्हणाली, आणि अख्खी बस मागे वळली. "का, घरात आवाज कमी पडला होय तुला?"

त्या दिवशी विद्यापीठ सगळ्यांना पाहायला खुलं होतं, आणि पहिली पसंती नक्की करायची मुदतही त्याच संध्याकाळी संपत होती. सकाळी फार्मसीच्या इमारतीत आत्या नुसती हरखून गेली. बाटल्यांच्या रांगा, चकचकीत फरशी. "बघ, बघ!" करत ती मनीला कोपराने ढोसत राहिली. शेवटी मनीने धीर करून म्हटलं, "आत्या, एकदा तिकडे पण जाऊ या ना. फक्त बघायला." आत्या खुशीत होती. बघायला काय जातंय, म्हणाली.

ध्वनिशास्त्राच्या तळघरात एक भलंथोरलं दार होतं, तिजोरीला असावं तसं. तिथे प्रयोगशाळेच्या बाई उभ्या होत्या, पिकलेले केस, गळ्यात किल्ली. गर्दी अशी नव्हतीच. बाईंनी दार ओढलं आणि दोघींना आत घेतलं.

आत जमीनच नव्हती. तारेची जाळी ताणून बसवली होती, आणि भिंतींवर, छतावर, जाळीखालीही हातभर लांबीच्या मऊ सुळक्यांच्या रांगाच रांगा. "अगंबाई, खाली पडले म्हणजे!" म्हणत आत्याने मनीचा दंड गच्च धरला. मागे दार लागलं. आत्या पुढे बोलायला गेली, "एवढ्या गाद्या कुणी," आणि मध्येच थांबली. शब्द तोंडातून निघाला होता आणि तिथेच संपला होता. तिने गळ्याला हात लावून पाहिला.

"इथे आवाज कशावर आपटून परत येत नाही," बाई म्हणाल्या. "बाहेरचाही आत येत नाही. आता जरा गप्प राहून बघा."

आत्याला गप्प राहा म्हणून वर सुखरूप राहिलेली ही पहिलीच बाई असेल. पण आत्या खरंच गप्प राहिली.

मनीने डोळे मिटले. आधी काहीच नव्हतं. इतकं काहीच नव्हतं, की आपण पडतोय असं वाटून तिने डोळे पुन्हा उघडले. मग खोल कुठून तरी धप धप ऐकू यायला लागलं. ते तिचंच काळीज होतं. मान वळवली तर मानेतली बारीक करकर आली. आवंढा गिळला तर केवढा मोठा वाजला! आणि या सगळ्याच्या खाली, पार तळाशी, काही नाही. चमच्याचा नाद विरत विरत जिथे जायचा ती जागा हीच, असं तिला वाटलं. तिला भीतीही वाटत होती आणि हसूही येत होतं, आणि डोळे भरून आले होते. एवढं मोठं काहीतरी जगात आहे आणि आपल्याला त्याच्या आत उभं राहायला मिळालं, याचंच तिला नवल वाटत होतं.

"ताई," आत्या म्हणाली, "ती शिट्टी तेवढी बंद करता का?"

"कसली शिट्टी?"

"ही काय, सारखी वाजतेय ती. आमच्या खात्यात आम्ही सासू म्हणतो तिला. पण इथे फारच तोंड सुटलंय भवानीला." आत्या हसली. मनी हसली नाही, बाईही हसल्या नाहीत. तशी आत्या मनीकडे वळली. "मने, तुला येतेय ना?"

"नाही गं आत्या."

"नीट ऐक."

"नीटच ऐकतेय. काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?" आत्या जवळजवळ चिडली. "घरात कुणी बोलत नाही, नळ बंद, पंखा बंद. तेव्हा काय येतं तुला ऐकू?"

"काहीच नाही, आत्या."

बाईंनी आत्याच्या पाठीवर हात ठेवला. मोठ्या आवाजात बरीच वर्षं काम केलं, की कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात, त्यांनी सांगितलं. मग ही शिट्टी ऐकू यायला लागते. ती बाहेर कुठे वाजत नसते. "सगळ्यांना नसते ती," त्या म्हणाल्या.

"आमच्या खात्यात सगळ्यांना आहे."

"खात्यात असेल," बाई हळूच म्हणाल्या.

आत्याने जाळीखालच्या अंधाराकडे पाहिलं. "मला वाटायचं, शांत झालं की असंच वाजतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, यालाच शांत म्हणतात." मग तिने विचारलं, "जात नाही का ही?"

"पुरती घालवायचा उपाय अजून सापडलेला नाही. त्रास कमी करता येतो, कानाच्या डॉक्टरांना दाखवा नक्की. आमच्याकडे वरच्या मजल्यावर काही जणी त्याच्या मागे आहेत. कारखान्यातला आवाज मुळातच कसा कमी करायचा, तेही शोधतायत."

"जणी?" आत्याने विचारलं.

"हो. दोघी तर हिच्याएवढ्याच होत्या आल्या तेव्हा."

बाहेर आल्यावर आत्या बोलली नाही. जिन्यात नाही, आवारात नाही. पसंती नक्की करायच्या हॉलमध्ये हीऽऽ गर्दी. विद्यार्थ्यांनीच आत जायचं, बरोबरच्यांनी कठड्यापलीकडे थांबायचं. मनी संगणकासमोर बसली. पसंतीच्या यादीत फार्मसी वर होती, ध्वनिशास्त्र खाली. "एकदा नक्की केलंत की बदलता येत नाही हं," टेबलावरचा कारकून म्हणाला.

आत्याने स्वतःचे कान घालवून आपल्याला वाढवलं. त्या बदल्यात तिने मागितलं काय, तर पोरीला शांत जागा. आणि आपण तिला आज तळघरात नेऊन काय दिलं? तिची होती तेवढी शांतताही काढून घेतली. नको ते शिक्षण. आत्या म्हणेल ते. तिने फार्मसीवर बोट नेलं आणि एकदा मागे वळून पाहिलं.

कठड्यापलीकडे माणसांच्या डोक्यांवर एक मूठ उंच धरलेली होती. आत्याची. नेहमीसारखी हाक मारली असती तर हॉल दणाणला असता, पण आत्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मनीने तिच्याकडे पाहिलंय याची खात्री झाल्यावर आत्याने मूठ दोनदा हलवली. मग ती तशीच धरून उभी राहिली.

मनीने ध्वनिशास्त्र वर नेलं आणि नक्की केलं.

परतीच्या बसमध्ये आत्या खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळाने ती मनीच्या कानाशी वाकली.

"मने, कशी असते गं ती?"

"कोण?"

"शांतता."

मनीने तोंड उघडलं. तिला चमच्याचं सांगायचं होतं, त्या तळाचं सांगायचं होतं. "म्हणजे बघ आत्या," ती म्हणाली, आणि तिला पुढे काही सांगताच येईना. ती आत्याचा हात धरून नुसती रडायला लागली.

"राहू दे, राहू दे. घाई नाही," आत्या म्हणाली. "आधी शिकून ये. मग मला नीट सांग."

हे आपण अगदी कुजबुजून बोललो, असं आत्याला वाटलं. अख्खी बस मागे वळून बघत होती.