चौघांत एक कोट

बाबा गेले त्याच्या पाचव्या दिवशी शीतगृहाचे मॅनेजर भेटायला आले. तिथल्या गोठवणाऱ्या खोलीत बाबांनी सव्वीस वर्षं खोकी रचली होती. मॅनेजरांनी हीटरजवळची खुर्ची ओढली, एक उसासा सोडला आणि खुंटीवरच्या कोटाकडे बोट केलं.

"तो कंपनीचा आहे, ताई. जमा करावा लागेल."

त्या खोलीत काम करणाऱ्या चौघांत कोट एकच होता. धुवायची पाळी बाबांची होती, म्हणून तो आमच्याकडे राहिला होता.

"उरलेल्या तिघांना नको?" मी विचारलं.

मॅनेजर खुलले. कुठल्याशा शिबिरातून ते ज्ञान घेऊन आले होते. थंडीत राहिलं की अंगातली तपकिरी चरबी जळून ऊब देते, आणि पांढऱ्या चरबीतल्या काही पेशीही बदामी होऊन तेच काम करू लागतात. "शरीर शिकतं हो. तुमचे वडील तर कोटाची पाळीही दुसऱ्याला देऊन टाकायचे. गरजच नव्हती त्यांना."

पेशींबद्दल ते बरोबर बोलत होते. फक्त बाबांच्या चांगुलपणाचं श्रेय त्यांनी चरबीला दिलं होतं. घरी आल्यावर तासभर बाबांना हातात कप धरवत नसे, हे शिबिरात कोणी सांगितलं नसावं.

मी हीटर बंद केला आणि दोन्ही खिडक्या उघडल्या.

"अहो, हे काय?"

"बसा ना. बदामी व्हायला दोनेक आठवडे लागतात म्हणे."

पाच मिनिटांत ते मफलर आवळत जिना उतरले. कोटाची त्यांना आठवणही राहिली नाही.

संध्याकाळी मी तो बाबांच्या कामावरच्या जोडीदाराला देऊन आले. धुतला मात्र नाही; बाबांचा वास अजून होता त्याला.